हिरव्या पुडीचं वर्ष

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

घेतलं! हेमांगीला घेतलं!

सकाळी नवापूरहून निघालो, दहाला नंदुरबारच्या केंद्रावर. वजन, उंची, डोक्याचा घेर. सगळं मोजून झाल्यावर दोन सह्या, आणि हातात नव्वद पुड्यांचं खोकं. तीन महिन्यांचं.

डॉक्टरांनी सांगितलं ते विसरायच्या आत लिहून ठेवतो. आईला एचआयव्ही असला तरी तिनं गोळ्या नीट घेतल्या तर मूल बहुतेक वेळा वाचतं. आमची हेमांगी आजवरच्या सगळ्या तपासण्यांत वाचली आहे. शेवटची तपासणी ती दीड वर्षाची झाल्यावर व्हायची आहे. पण अशी वाचलेली मुलंसुद्धा काही ठिकाणी बोलायला, शिकायला जराशी मागे दिसली आहेत. सगळी नाही, काही. का, ते अजून पक्कं कोणाला ठाऊक नाही. मग वरून लोह, जस्त, जीवनसत्त्वं दिली तर मेंदूच्या वाढीला हातभार लागतो का? ते बघायचं. त्यासाठी हा अभ्यास. एक ते दोन वर्षं वयाची पोरं.

आणि आता गंमत! पुड्या दोन प्रकारच्या. हिरव्या पट्टीची आणि पिवळ्या पट्टीची. एकीत खरं औषध, दुसरीत तसंच दिसणारं, तशाच चवीचं नुसतं पीठ. कुठली खरी ते तपासणाऱ्या स्वप्नाली मॅडमना माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही! लांब कुठल्या तरी ऑफिसात बंद पाकिटात लिहिलेलं आहे म्हणे.

मी खुर्चीतच सरसावून बसलो. हे तर माझंच काम! अकरा वर्षं पोल्ट्रीत दुसरं काय करतोय? शेड तीनच्या फीडमध्ये जीवनसत्त्वांचं नवं प्रीमिक्स, शेड चारला जुनं, आणि दर शुक्रवारी दोन्हीकडच्या पन्नास-पन्नास पिल्लांचं वजन. फरक एवढाच, की मला माहीत असतं कुठल्या शेडच्या फीडमध्ये काय आहे.

आम्हाला हिरवी मिळाली.

परतीच्या वाटेवर कामिनीला सगळं समजावून सांगितलं. दोनदा.


१३ ऑगस्ट

साडेपाचला फार्मवर जावं लागतं, म्हणून बघता आलं नाही. दुपारी फोन केला. "दिन्ही का?" "दिन्ही." पहिली पुडी!


१४ ऑगस्ट

ही वही फीड कंपनीनं वाटलेली डायरी आहे. लसींच्या कपाटात ठेवतो. किल्ली माझ्याकडेच असते. इथं मी खरं लिहू शकतो. आम्हा दोघांना एचआयव्ही आहे, हे फार्मवर कोणाला ठाऊक नाही, गावाकडे आईला ठाऊक नाही, घरमालकाला नाही. हेमांगी पोटात असताना तपासणीत कामिनीचं कळलं, मग माझं. कोणाकडून कोणाला आलं, हे आम्ही एकदाच बोललो. परत नाही.


२५ ऑगस्ट, रविवार

आज सुटी मागून घेतली. म्हटलं, आज पुडी मी भरवतो! उठेपर्यंत कामिनीनं देऊनही टाकली होती. रिकामी पुडी डब्यात. बाई फार नेमाची आहे. गोळ्यांची वेळसुद्धा तीच सांभाळते, माझीही.

मग उद्याची एक पुडी फोडून जिभेवर चिमूटभर घेतली. गोडसर. मागून लोखंडासारखी चव आली की मला तसं वाटलं? फीडच्या वासावरून मी प्रीमिक्सचं पोतं ओळखतो, पण इथं काही ओळखता येईना. बनवणारा हुशार आहे.


९ सप्टेंबर

"बा." म्हणजे बाबा? की बाहेर? की बाटली? कामिनी म्हणते, बाटली. मी बाबा धरलं.


२२ सप्टेंबर

आजपासून शेवटच्या पानांवर हेमांगीच्या शब्दांची नोंद. तारीख, शब्द, कोणासमोर बोलली. पिल्लांच्या वजनाचा तक्ता करतो तसाच आखला. तीन शब्द झाले: बा, आई, आणि "कूक". कूक म्हणजे कोंबडी! पोल्ट्रीवाल्याची पोर!


११ नोव्हेंबर, सोमवार

पंधरा महिन्यांची भेट. काय दिवस गेला!

स्वप्नाली मॅडम चटईवर बसतात. शहाद्याकडच्या आहेत, वय पंचविशीच्या आसपास, आवाज एकदम मऊ. लाकडी ठोकळे, बाहुली, चित्रं, घंटी. "हेमांगी, चेंडू दे बरं." दिला! "बाहुलीचं नाक कुठंय?" नाकात बोट घातलं. बाहुलीच्या नाही, स्वतःच्या! मॅडम हसल्या, पण कागदावर बरोबरची खूण केली. ठोकळे एकावर एक—तीन! तिसरा पडला, पण आधी राहिला होता. मी मोजलं.

आमच्या मागे नंबर होता रूपसिंगचा. मोलगीच्या वर, डोंगरात त्याचं गाव. पहाटे चालत रस्त्यापर्यंत, मग जीप, मग अक्कलकुव्याहून बस. पोरगा बाज्या, हेमांगीपेक्षा चार दिवसांनी लहान. बाकड्यावर बसल्या बसल्या त्यानं मला सरळ विचारलं, "तुला पण आहे?" एवढ्या मोठ्यानं! मी इकडंतिकडं बघितलं. तो म्हणाला, "माझ्या बायकोला आहे. मला नाही. इथं सगळ्यांकडेच कोणाला ना कोणाला आहे, घाबरतो कशाला?" मला हसू आलं. दोन वर्षांत या गोष्टीवर पहिल्यांदा हसलो.

यंदा तो गुजरातेत ऊसतोडीला गेला नाही. पुड्यांच्या तारखा चुकतील म्हणून.

त्याची पुडी पिवळी.

बाज्या चटईवर बसला आणि गप्प. "चेंडू दे." बघत राहिला. "मांजर कुठंय?" बापाकडे बघितलं. एक ठोकळा हातात घेऊन बसून राहिला, तो सोडेचना. अर्धा तास. एक शब्द नाही. रूपसिंग म्हणाला, "घरी बोलतो." मॅडम म्हणाल्या, "हो, घाबरला असेल." पण लिहायचं ते त्यांनी लिहिलं.

घरी बोलतो, असं तर प्रत्येक बाप म्हणतो.

घरी येईपर्यंत डोक्यात एकच. हिरवी खरी आहे! हिरवीच खरी!


१२ नोव्हेंबर

एक पोर इकडं, एक पोर तिकडं. यावरून काही ठरत नाही, हे मला कळतं. दोन पिल्लं तोलून शेडचा निकाल लावणाऱ्याला मीच कामावरून घालवीन. पण तरीही! डोळ्यांना दिसतं ते दिसतं.


३ डिसेंबर

मोह झाला. आमच्या फीडचे नमुने सुरतला तपासायला जातात. त्यात एक हिरवी पुडी घातली तर? आठ दिवसांत लोह किती, जस्त किती, सगळं कागदावर. पिशवीत भरली सुद्धा. नंबर टाकला.

मग स्वप्नाली मॅडमचं आठवलं. त्या म्हणाल्या होत्या, "कळलं की आपण बघायचं सोडतो, भाऊ. जे बघायचंय तेच दिसायला लागतं."

पुडी काढून घेतली. घरी खोक्यात परत ठेवली.


२९ डिसेंबर

अकरा शब्द. "नको" आला. आता दिवसभर नको!


१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

दीड वर्ष. आज शेवटची तपासणी. रक्त घेतलं. हेमांगी रडली, कामिनी रडली, मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. रूपसिंग बाज्याला घेऊन शेजारच्या बाकड्यावर.

ठोकळे, चित्रं, सगळं नेहमीसारखं झालं. हेमांगी चार ठोकळे, चौदा चित्रांतली नऊ. बाज्या आजही गप्प. माझं कशातच लक्ष नव्हतं. रिपोर्ट शुक्रवारी.


१३ फेब्रुवारी

लस टोचताना आज दोनदा हातातून पिल्लू सुटलं.


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

निगेटिव्ह!

निगेटिव्ह निगेटिव्ह निगेटिव्ह!

फोन आला तेव्हा मी शेड चारमध्ये होतो, सात हजार कोंबड्यांच्या मधोमध. स्वप्नाली मॅडम काय म्हणाल्या ते आधी ऐकूच आलं नाही. बाहेर पळालो. "परत सांगा." परत सांगितलं. "पक्कं?" "पक्कं, हेमकांतभाऊ. आता ही तपासणी पुन्हा नाही."

मोटरसायकल घेऊन घरी. कामिनी दारात भांडी घासत होती. धापा टाकत तिच्यापुढं उभा राहिलो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि घाबरूनच उठली. "काय व्हयनं?" मी मान हलवली, नाही नाही अशी. तिला वाटलं वाईट आहे. मग मी ओरडलो, "नहीऽऽ! तिले नही शे!" राखेच्या हातांनी तिनं मला धरलं. शर्टावर दोन काळे पंजे उमटले. तोच शर्ट घालून परत ड्यूटीवर गेलो. शेठनी विचारलं हे काय. म्हटलं, होळी लवकर आली.

संध्याकाळी रूपसिंगचा फोन. बाज्याही निगेटिव्ह! दोघंही फोनवर नुसते हसत बसलो.


२० फेब्रुवारी

एकोणीस शब्द. "बाबा" आता स्पष्ट. बाटली नाही, मीच!

पण एक गोष्ट आत टोचतेय. दोघंही वाचली. आता दोघांत फरक उरला तो पुडीचाच. माझ्या पोरीच्या वाटीत खरं, आणि त्याच्या पोराच्या वाटीत नुसतं पीठ. त्यासाठी तो डोंगरातून पहाटे चालत येतो. आणि हे फक्त मला ठाऊक आहे. (ठाऊक आहे असं वाटतंय.)


४ मार्च

ठरवलं. निम्म्या हिरव्या पुड्या बाज्याला द्यायच्या. एक दिवसाआड हेमांगीला, एक दिवसाआड त्याला. फीड कमी पडलं की आपण तेच करतो. अर्धं तर अर्धं, पण दोन्ही शेडला.

कामिनीला सांगितलं. वाटलं भांडेल. ती म्हणाली, "द्या." एवढंच! मन मोठं आहे तिचं.


१५ मार्च, शनिवार

काल-परवा होळी झाली. आज अक्कलकुव्याला पिल्लांची गाडी होती, तिच्यातून गेलो. तिथून मोलगीची जीप, त्यापुढं दीड तास पायी. पाठीवर पंधरा पुड्या. जीपमध्ये अजून रंगलेली माणसं, कंबरेला घुंगरं तशीच.

आणि काय बघितलं!

रूपसिंगच्या झोपडीपुढं बाज्या कोंबड्यांमागं धावत होता, आणि तोंड एक क्षण बंद नाही! अखंड! मला पाहून थबकला, मग माझ्याकडं बोट दाखवून बापाला काहीतरी सांगितलं. मी रूपसिंगला विचारलं, काय म्हणाला? तो म्हणाला, "विचारतो, हा टोपीवाला कोण." मग लाल कोंबडी दाखवून काहीतरी. "म्हणतो, लाल कोंबडी पळाली." मग टोपलीखाली वाकून. "म्हणतो, अंडं नाही." दोन-दोन शब्द जोडून! हेमांगी अजून एकेक शब्दावर आहे!

मी ओट्यावर बसून बोटांवर मोजायला लागलो. रूपसिंग अर्थ सांगत गेला. कोंबडी, अंडं, पाणी, आजी, बैल, आग, मोहफूल, चंद्र, दे, नको, ये, पळ, पडला. तिसापुढं मी मोजणं सोडलं. सगळं पावरी बोलीत. त्याच्या घरात मराठी कोणी बोलतच नाही! स्वप्नाली मॅडमचं "चेंडू दे" हे त्याच्या कानाला तसंच, जसं माझ्या कानाला तमिळ.

तरी मी शहाणपण सोडलं नाही. विचारलं, पुडी कशी देता? त्याच्या बायकोनं दाखवलं. मक्याची पेज मोठ्या भांड्यात, त्यात पुडी, आणि तिन्ही पोरं भोवती. मी वैतागलो. म्हटलं, अरे, ती फक्त बाज्याची आहे! असं केलं तर अभ्यास बिघडतो, कळणारच नाही कशानं काय झालं. आमच्याकडं बघ, एक दिवस खाडा नाही, एक कण वाया नाही. भरपूर बोललो. आता लिहिताना लाज वाटते इतकं बोललो.

रूपसिंगनं ऐकून घेतलं. म्हणाला, "ऊसतोडीला गेलो नाही. घरात एवढंच आहे. एकाला देऊ आणि दोघांना बघत बसवू?"

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग पिशवीतून हिरव्या पुड्या काढल्या. त्यानं हातसुद्धा लावला नाही. "तुझ्या पोरीचं आहे ते. तिच्या तोंडातलं मी कसं घेऊ?"

येताना त्यानं केळीच्या पानात बांधून सहा अंडी दिली. पोल्ट्रीवाल्याला अंडी! नको म्हणता आलं नाही.


१६ मार्च

झोपेतून उठलो तोच डोक्यात लख्ख. बाज्या मागे नाही! कधीच नव्हता! चूक पोरात नाही, पुडीत नाही, विचारण्यात आहे! आणि तो एकटा थोडाच असेल? डोंगरातली कितीतरी पोरं त्या चटईवर अशीच गप्प बसली असतील, आणि कागदावर "मागे" लागली असतील. मराठीत विचारायचं, पावरीत ऐकणाऱ्याला, आणि मग म्हणायचं मेंदू वाढला नाही!

हे सांगायलाच हवं. पण सांगायचं तर मी तिथं कशाला गेलो होतो तेही सांगावं लागेल.


१७ मार्च, सोमवार

सांगितलं.

फोनवर बाज्याचे शब्द वाचून दाखवले, अर्थासकट. स्वप्नाली मॅडमनी सगळे लिहून घेतले. मग म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. मी स्वतः घरी अहिराणी बोलते. शाळेत पहिलं वर्ष मी तोंड उघडलं नव्हतं."

मग विचारलं, "पण तुम्ही तिकडं कसे?"

म्हटलं, पुड्या घेऊन गेलो होतो. अर्ध्या त्याला द्यायला. हिरव्या खऱ्या आहेत असं मला वाटलं म्हणून.

त्यांनी विचारलं, "किती दिल्या?"

"एकही नाही. त्यानं घेतल्या नाहीत."

"त्यानं घेतल्या असत्या ना भाऊ, तर दोन्ही मुलं मला अभ्यासातून काढावी लागली असती." आवाज मऊच, पण मला घाम फुटला. म्हणाल्या, डॉक्टरांना हे सांगावं लागेल. म्हटलं, सांगा.

सात महिने पोरीनं नेमानं खाल्लं, आणि माझ्या उपद्व्यापानं ती बाहेर गेली तर?


२१ मार्च

अजून फोन नाही. कामिनी म्हणते, "काढी टाक्तीन तं टाकू द्या." तिला कसं काही वाटत नाही!


२ एप्रिल

फोन आला. खुद्द डॉक्टरांचा! हेमांगी राहणार. माझ्या नावापुढं एक नोंद झाली, ती होऊ दे. आणि ऐका! (कोण ऐकणार? पण ऐका!) डोंगरातल्या सगळ्या मुलांची तपासणी त्यांच्या बोलीत पुन्हा होणार. चित्रंही बदलणार. फ्रिजच्या जागी मडकं, केकच्या जागी भाकरी. धडगावकडच्या सरलाबाई, अंगणवाडीत वीस वर्षं काढलेल्या, त्या आता मॅडमशेजारी चटईवर बसणार.

"तुमच्यामुळे," डॉक्टर म्हणाले. मला. दहावी नापास माणसाला!

शेठनी विचारलं आज एवढा खूश का. म्हटलं, अंड्यांचं उत्पादन वाढलं.


१२ मे, सोमवार

ऊन असं की केंद्राच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, पण आजचा दिवस चुकवला नसता.

सरलाबाई चटईवर बसल्या आणि बाज्याला त्याच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. पोरगं आधी चमकलं. मग हसलं. मग सुरूच! सरलाबाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत चित्रावर बोट! मडकं, बैल, कोंबडी. कोंबडीवर तर थांबेचना, सरलाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मॅडमनी विचारलं काय म्हणतो. "म्हणतो, आमची लाल आहे, ही पांढरी का." स्वप्नाली मॅडमनी खूण करायला पेन टेकवलं आणि दोन क्षण तसंच धरून ठेवलं.

ठोकळे त्यानं सहा रचले. हेमांगीनं पाच.

मला वाईट वाटलं! एक क्षण वाटलंच. लिहून टाकतो.

नंतर मॅडमनी सगळ्या आईबापांना गोल बसवलं. म्हणाल्या, कोणी रागावणार नाही, कोणाला काढणार नाही, पण खरं सांगा, पुडी घरात कोणी कोणी खाल्ली? आम्हाला खरं माहीत असलं तर हिशेब लावता येतो. खोटं असलं तर काहीच कळत नाही. सगळे खाली बघायला लागले. रूपसिंग उठला. "आमच्याकडं तिघं खातात." मग एक हात वर. मग दुसरा. एक आजी म्हणाल्या, मीच खाल्ली चार-पाच, कंबर दुखत होती म्हणून. हशा पिकला.

माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, आमच्याकडं रोज, एकटी हेमांगी. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. छाती जरा फुगलीच. कामिनी पोरीला पाणी पाजायला बाहेर गेली होती.


१५ जून

"बाबा ये." जोडून! दोन शब्द! दारात उभी राहून. मी मोटरसायकल बंद करायचं विसरलो.


६ जुलै

त्रेसष्ट शब्द. अठरा जोड्या. शेवटची पानं भरली, आता लसीकरणाच्या तक्त्यांवर लिहितोय.

हिरवी की पिवळी, हे कोडं मात्र परत उघडं पडलं. बाज्यानं पिवळी एक तृतीयांश खाल्ली आणि तो इतका चलाख. हेमांगीनं हिरवी पूर्ण खाल्ली आणि तीही. कामिनीला म्हटलं, अजून माझा हिरवीवर भरवसा आहे, कारण आपली पोर वजनाला कमी जन्मली होती, तिथून इथवर आली. ती चुलीकडं वळली. तिची तब्येत मात्र यंदा छान सुधारली आहे. गालावर तेज आलंय, चार किलो वाढली. केंद्रावरच्या बाई म्हणाल्या, गोळ्या मानवल्या.


११ ऑगस्ट, सोमवार

दोन वर्षं पूर्ण. शेवटची भेट.

हेमांगी चटईवर जाऊन स्वतःच बसली. मॅडमना म्हणाली, "ठोकळे दे मला." तीन शब्द! आठ ठोकळे रचले आणि नववा माझ्या हातात आणून दिला, म्हणजे मी ठेवावा. मॅडमनी नियम असूनही ठेवू दिला. चित्रं सगळी. सगळी! डॉक्टर बाहेर आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, या मुलीची काळजी करण्याचं काही कारण दिसत नाही. बाज्याही फर्स्ट क्लास. रूपसिंगनं मला मिठी मारली, भर केंद्रात.

निकाल पुढच्या वर्षी, सगळी मुलं झाल्यावर. तेव्हा पाकीट उघडणार.

शेवटी एक कागद. "मुलीला पुडी दररोज दिली." मी झोकात सही केली. दुसरी सही आईची. कामिनी म्हणाली चक्कर येतेय, मग करते. मॅडम म्हणाल्या काही घाई नाही, नंतर पाठवा.


१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी निघालो होतो. कामिनीनं मोटरसायकलची किल्ली हातातून काढून घेतली. म्हणाली, "बसा."

"मी तिले एक बी पुडी दिन्ही नही. मीच खाद्यात. सगळ्या."

पहिल्या दिवशी पुडी फोडली आणि हात पुढं होईना. आत काय आहे ते सांगणारं इथं कोणी नाही, पोर आत्ता कुठं वाचलेली. म्हणून आधी स्वतः खाल्ली. आपल्याला काही झालं नाही तर उद्यापासून तिला. "रोज वाटे, उद्या देसू. उद्या परत भ्याव वाटे. मंग परत मीच." मला सांगायचं, तर मी इतका आनंदात.

वर्षभर. मी घरून निघायचो, आणि ती रोज सकाळी, जिवावर आलं तर आधी माझ्या येऊ दे म्हणून, एक पुडी तोंडात टाकायची.

मी विचारलं, तुला काही झालं असतं म्हणजे? म्हणाली, "मंग तुम्ही व्हतातच ना तिले."

ड्यूटीला गेलो नाही. फार्मवरून फक्त ही वही घेऊन आलो, शब्दांची पानं मॅडमना लागतील. कामिनी म्हणते, सांगायचं ते मीच सांगणार. तिनं लुगडं बदललंय, हेमांगीला कडेवर घेतलंय. नंदुरबारची दहाची गाडी आहे.